बाहेरचे तारे

माझ्या मेहुण्याने पहिला माणूस मारला त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला येणार होता, आणि आला. जरा उशीर झाला, एवढंच. वेधशाळेच्या मागच्या नळावर त्याने कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली आणि स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसला. त्याची उजवी भुवई जळून गेली होती आणि अंगाला डिझेलचा वास येत होता.

“अक्का, कडक भाकरी हाय का? आन् शेंगाचटणी वाढ जरा.”

गिरिजाने वाढलं. मग खिडकीतून पठाराच्या पायथ्याकडे बघत तिने विचारलं, “वीटभट्टीवर धूर कसला रे, म्हांत्या?”

“पालं पेटली.”

“पेटली, का पेटवली?”

“मुकादम आडवा आला. बत्ती लावून घिईना. फावडं उगारलं त्यानं माझ्यावर. मग त्येच फावडं त्येच्या डोसक्यात घातलं.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “दाजी, तुमी असं बघू नगा माझ्याकडं. जेवताना कुणी तोंडाकडं बघितलं की मला घास उतरत न्हाई.”

मी ताटावरून उठलो आणि मागच्या अंगणात जाऊन ओकलो. परत आलो तेव्हा तो ताक पीत होता.

हा महांतेश बिराजदार. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आणि कागनूर तालुक्याच्या मूळपाणी दलाचा अध्यक्ष. माझी बायको डॉ. गिरिजा, कागनूरच्या पठारावरच्या वेधशाळेतली खगोलशास्त्रज्ञ. मी मनोहर बोरकुटे, तिच्या दुर्बिणीला जोडलेला वर्णपटमापक सांभाळणारा इंजिनियर. मूळचा ब्रह्मपुरीकडचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचा. लग्न करून बायकोच्या गावी राहायला आलो, म्हणून अख्खं कागनूर मला तोंडावर दाजी आणि पाठीमागे घरजावई म्हणायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. फुकटची भाकरी आणि आकाश, दोन्ही चांगलं होतं.

कालव्याचं पाणी निम्म्यावर आल्यापासून सरकारने ते मूळ रहिवाशांपुरतं ठेवलं होतं. मूळ कोण, हे ठरवायला कागद चालेनात, कारण कागद काय, कुणीही काढून आणतो. मग बत्ती आली. टॉर्चएवढं यंत्र. पुढच्या दाताला टेकवायचं, टिच असा आवाज होतो आणि दिवा लागतो. हिरवा म्हणजे इथला, लाल म्हणजे बाहेरचा. लाल निघालेल्याने तालुका सोडायचा, हा नियम सरकारचा. सोडेपर्यंत वाट बघायची नाही, हा महांतेशच्या दलाचा.

आणि बत्ती ज्या गणितावर चालायची ते गणित माझ्या बायकोचं होतं. ताऱ्यांसाठी मांडलेलं.

*

तारे सहसा एकेकटे जन्मत नाहीत. वायूच्या एका ढगातून हजारोंनी एकदम जन्मतात आणि एकमेकांना धरून राहतात, तो तारकागुच्छ. ढग एकच, म्हणून गुच्छातल्या ताऱ्यांची रासायनिक घडण जवळजवळ सारखी. एका पातेल्यातली आमटी कुठूनही पळी घालून घ्या, मीठ तेवढंच लागतं.

आपल्या आकाशगंगेतल्या फार जुन्या गुच्छांपैकी काही इथेच जन्मले आणि काही बाहेरून आले. आकाशगंगेने आजवर कितीतरी लहान दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची छोटी बेटं, गिळल्या, त्यांचे गुच्छ आपल्यात राहिले. कोणता कुठला, हे ओळखायचं कसं? मोठे तारे लवकर फुटतात आणि मॅग्नेशियमसारखी द्रव्यं उधळतात. लोहाचा मोठा वाटा लहान ताऱ्यांच्या अवशेषांतून येतो, आणि ते स्फोट फार उशिरा होतात. आकाशगंगेसारख्या मोठ्या घरात तारे झपाट्याने जन्मले, उशिराचं लोह मिसळायच्या आधीच मोठ्या ताऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. लहान दीर्घिकेत सगळं रमतगमत चाललं होतं. म्हणून लोह सारखंच असलेल्या दोन गुच्छांपैकी ज्याचं मॅग्नेशियम कमी, तो बहुधा बाहेरचा.

दुसरी खूण कक्षेची. इथले गुच्छ बहुतेक आकाशगंगेच्या आतल्या भागात आणि तबकडीच्या जवळपास, सगळ्यांच्या दिशेने फिरतात. बाहेरचे लांबुळक्या, तिरक्या कक्षांतून येऊन जातात, काही तर चक्क उलटे फिरतात. गिरिजाने रसायन आणि कक्षा या दोन्ही खुणा एकत्र तोलणारी आज्ञावली लिहिली, तिला ‘गोतावळा’ नाव दिलं आणि जगाला फुकट देऊन टाकली. तिच्या निबंधाचा खरा जीव मात्र शेवटच्या भागात होता. त्यात तिने दाखवलं होतं की काही गुच्छांचं रसायन बाहेरचं असतं पण कक्षा इथली, पार मुरलेली. काही गुच्छ इथलेच असतात, पण कुठल्या तरी धक्क्याने दूर फेकले गेलेले. रसायनाला जन्म विचारा, पुढचं सगळं कक्षेला विचारा, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची.

तो शेवटचा भाग कुणी वाचला नाही. एका कंपनीने ‘गोतावळा’ उचलली आणि ताऱ्याच्या प्रकाशाऐवजी दाताचा प्रकाश घेतला. लेझरने एनॅमलचा एक कण पेटवायचा आणि त्या ठिणगीचा वर्णपट वाचायचा. पुढच्या दातांचं एनॅमल पहिल्या चार-पाच वर्षांत घडतं आणि नंतर बदलत नाही. त्या वर्षांत पोर ज्या विहिरीचं पाणी पितं, तिच्या खडकातलं स्ट्रॉन्शियम त्यात कायमचं बसतं. कागनूर काळ्या बसाल्टवर वसलंय. ग्रॅनाइटच्या मुलखातलं पाणी वेगळं, तिथला दात वेगळा.

कंपनीचा माणूस सत्काराची शाल घेऊन आला तेव्हा गिरिजाने त्याला पायरीवरच उभं केलं. “कक्षेचा भाग कुठे गेला माझ्या आज्ञावलीतला?”

“मॅडम, माणसाला कसली आलीय कक्षा?” तो हसून म्हणाला.

“का? जन्मल्यावर जागच्या जागी पुरून ठेवता का तुम्ही माणसाला?”

शाल तिने त्याच्या गाडीच्या टपावर फेकली. भडकली की ती कुणाची राहत नाही. पण शाल टपावर फेकल्याने बत्त्या थांबल्या नाहीत. महिन्याभरात दलाच्या प्रत्येक पोराच्या कमरेला एक लटकत होती.

बायकांना त्यांनी बत्तीतून वगळलं होतं. लावली असती तर तालुक्यातली बहुतेक प्रत्येक सून लाल निघाली असती. सून नवऱ्याच्या पाण्यावर, असा त्यांचा नियम. जावई बायकोच्या पाण्यावर, हे मात्र कुणाला सुचलं नाही. माझ्या जन्मगावाखाली ग्रॅनाइटचा जुनाट खडक आहे, मी लालभडक निघणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला कुणी हात लावला नव्हता तो एकाच कारणाने. मी अध्यक्षाचा दाजी होतो.

*

बाजारच्या दिवशी मी बिभीषणच्या खुर्चीत बसलो होतो. हा कागनूरचा न्हावी. त्याचा बापही न्हावी, आजाही. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता, तेवढ्यात रेवणसिद्ध चौघांना घेऊन आत आला. हा दलाचा उपाध्यक्ष, आणि महांतेशच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे हे बाजारातली कुत्रीसुद्धा जाणून होती.

“बिभीषण, दात दाव.”

“लावा की. माझ्या आज्यानं तुझ्या आज्याची दाढी केल्याली हाय, लका.”

टिच. लाल.

बिभीषण हसलाच आधी. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. मग त्याच्या लक्षात आलं. “आई-बा धरणाच्या कामावर हुती, तळकोकणाकडं. मी ल्हान हुतो. रेवणसिद्ध, ऐक, चार-पाच वर्सं काय ती—”

पुढचं कुणी ऐकलं नाही. त्याला दाराबाहेर ओढला. एकाने खुर्चीचा पाय ठेवायचा लोखंडी पायटा उचकटला. मी फेसासकट बाहेर धावलो आणि मधे पडलो, तर रेवणसिद्धने माझ्या कानशिलात अशी लगावली की मी गटारीच्या कडेला बसलो. “दाजी, तुमी गप ऱ्हावा. तुमची बी पाळी येणार हाय.” पायटा वर जात होता, खाली येत होता. बाजार भरलेला होता. भाजीवाल्यांनी आपापल्या टोपल्या तेवढ्या मागे ओढून घेतल्या. बिभीषणचा एक हात शेवटपर्यंत डोक्यावर होता, मग तोही सुटला. मी त्याला वाचवू शकलो नाही आणि त्या गर्दीतल्या एकाही माणसाचं तोंड मला पुन्हा बघवलं नाही.

घरी आलो तेव्हा गिरिजाने माझा उरलेला फेस पुसला. डोकं मात्र तिचं भलत्याच ठिकाणी चाललं होतं.

“नमुनाच चुकलाय, मनोहर. कंपनीने बत्ती जुळवायला गावातले पुरुष निवडले आणि विचारलं, कुठले तुम्ही? पुरुष काय सांगणार? बापाचं गाव. ज्यांचा दात जुळला नाही त्यांना खोटारडे ठरवून गाळून टाकलं. लहानपण कुठे गेलं हे विचारलंच नाही कुणी.”

“बिभीषण मेला, गिरिजा.”

“तेच सांगतेय. आणखी कोण लाल निघेल माहितीये?” तिने आवाज खाली आणला. “म्हांत्या.”

महांतेशचा जन्म आजोळचा, कृष्णेपलीकडच्या हिरेकुंटीचा. त्यात काही नवल नाही, बाळंतपण माहेरीच होतं. पण त्याचं दूध सुटलं तशी आजीने त्याला ठेवूनच घेतला, कारण इकडे गिरिजा लहान, शेत मोठं आणि अव्वाच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, अंगात ताकद नव्हती. सहा वर्षांचा झाल्यावर तो कागनूरला आला, तेव्हा त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गिरिजाने त्याला शब्द शिकवले आणि रुसला की हाताने भरवलं. हिरेकुंटी सगळी ग्रॅनाइटवर आहे. एकट्या महांतेशचंच असं नव्हतं. या भागात निम्मी पोरं अशीच आजोळी वाढतात, आणि मोठेपणी कुणी विचारलं तर त्यांतल्या एकालाही ती वर्षं आठवत नाहीत. आजोळ ही राहण्याची जागा धरतच नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली महांतेशच्या घरी गेलो. अव्वा सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. तो आरशासमोर जळकी भुवई बघत होता. गिरिजाने आडपडदा न ठेवता सांगितलं.

तो खदखदून हसला. “आजोळ म्हंजे बाहेर व्हय गं, अक्का? अव्वा, ऐकलंस का? तुझं माहेर बाहेरचं म्हनं!”

अव्वाही हसल्या. “मामाच्या घरी कोण न्हाई ऱ्हायलं, बाई? बाहेरचा म्हंजे बाहेरचा.”

“यंत्राला मामा कळत नाही, अव्वा. लावून बघ म्हांत्या. आता लाव, माझ्यासमोर.”

त्याने कमरेची बत्ती काढली. हातात फिरवली. मग परत अडकवली, आणि त्याचं हसू गेलं. “हे भाईर बोलायचं न्हाई. दाजी, तुमी बी न्हाई. आन् थोडं दिस खाली उतरू नगा. रेवण्या तुमच्या मागं लागलाय.”

“मी ग्रामसभेत सांगणार आहे,” गिरिजा म्हणाली.

“सांगून तर बघ.” असं तो बहिणीशी कधी बोलला नव्हता. अव्वांचे शेंगा फोडणारे हात थांबले.

घाट चढताना गिरिजा गाडीत एकटीच बोलत होती. एक उदाहरण चुकलं की नियम चुकला. लोकांना डोळ्यांनी दिसलं की ते थांबतील. मी म्हटलं, “अगं, ते तुझ्या निबंधाचे परीक्षक नाहीत. खून करणारी माणसं आहेत.” आयुष्यभर तिने हेच केलं होतं, न जुळणारा तारा दिसला की नियम दुरुस्त करायचा. न जुळणारा तारा विझवून टाकायचा, हा मार्ग तिच्या डोक्यातच येत नव्हता.

*

कालव्याला पाणी सुटायच्या दिवशी रेवणसिद्धची पोरं वर आली. गिरिजा पलीकडच्या इमारतीत होती. घुमटाचं दार त्यांनी पहारीने फोडलं, माझा वर्णपटमापक घणाने ठेचला, आणि मला केसांना धरून जीपमध्ये घातलं. उतरवलं ते थेट पंपहाऊसच्या आवारात. सगळा गाव जमला होता. बटण दाबायला अध्यक्ष म्हणून महांतेश उभा होता, गळ्यात हार.

रेवणसिद्धने माझ्या तोंडात बोटं घातली आणि बत्ती टेकवली. टिच. लाल दिवा त्याने हात उंच करून सगळ्यांना दाखवला. लोक ओरडले.

“रेवण्या, त्यो माझा दाजी हाय,” महांतेश म्हणाला.

“बिभीषण बी कुणाचा तरी दाजी हुता, अध्यक्ष. नियम समद्यांना सारखा, का तुमच्या घरापुरता येगळा?”

गर्दीतून पुन्हा ओरडा उठला. महांतेशने माझ्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. हार काढून पंपावर ठेवला. “नियम त्यो नियम,” असं म्हणाला आणि तोंड फिरवलं.

पंपाचा मोठा पाना माझ्या डाव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. मग बूट आले. तोंडात रक्त आणि दातांचे तुकडे भरले, ते मी थुंकायला गेलो तर जबडा हलेना. मला मरायचं नव्हतं. दुसरा विचार नव्हता डोक्यात, ना गिरिजाचा, ना कुणाचा.

मग गिरिजाचा आवाज आला. स्कूटर टाकून ती गर्दीत घुसली होती. पदर फाटला होता. तिने मला बघितलं आणि थेट भावाकडे गेली. मला वाटलं आता ती त्याचे पाय धरणार. तिने त्याच्या कमरेची बत्ती ओढून काढली.

“म्हांत्या, आ कर.”

आणि त्याने तोंड उघडलं. विचार करून नाही. थोरल्या बहिणीने आ कर म्हटलं की तोंड उघडायचं, ही लहानपणाची सवय होती त्याची, दुसरं काही नाही. टिच.

लाल.

“बघा!” गिरिजा बत्ती हातात धरून ओरडली. “बघा सगळ्यांनी! याचा बाप इथला, आजा इथला, याचं शेत इथं. तरी लाल! कारण हा आजोळी वाढला. तुमच्यातले निम्मे आजोळी वाढलेत, ते सगळे लाल निघतील. हे माझं गणित आहे, मी सांगते, हे चुकीचं लावलंय! दात फक्त पाणी सांगतो. माणूस पुढे कुठे राहिला, कुणाबरोबर राहिला, कुणाला खांदा दिला, हे दाताला माहीत नसतं. बिभीषण तुमचा होता. हा तुमचा आहे. मनोहर तुमचा आहे.”

ती वर्गात बोलायची तशी बोलली, स्वच्छ, एकेक शब्द. मारणारे हात थांबले होते. मला वाटलं, जिंकली ही बाई.

रेवणसिद्ध हळू आवाजात म्हणाला, “म्हंजे इतकं दिस लाल माणूस आमचा अध्यक्ष हुता.”

“अरे, अक्का काय म्हनली ऐकलं न्हाईस का?” महांतेश म्हणाला. “यंत्र चुकतंय—”

“बिभीषणच्या टायमाला चुकलं न्हाई. भट्टीवर चुकलं न्हाई. तुझ्याच येळंला चुकलं?”

माझं कोपर मोडलेला पाना त्याच्या कानामागे बसला. तो गुडघ्यावर आला. ज्यांनी त्याला हार घातला होता तेच पुढे धावले. पाना, काठ्या, पंपाच्या पट्ट्याचं चाक. गिरिजा त्याच्या अंगावर पडली, तिला वेणीला धरून बाजूला फेकली. ती परत गेली, परत फेकली. “यंत्र चुकतंय,” तो ओरडत होता, जे त्याने महिनाभर एकाही लाल माणसाच्या तोंडून ऐकून घेतलं नव्हतं. शेवटी शेवटी तो आईला नाही, अज्जीला हाका मारत होता. मग हाका थांबल्या, मारणं त्यानंतरही बराच वेळ चाललं.

माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी चिखलात पडून ते सगळं बघितलं.

दुपारपर्यंत कागनुरात पुरुष एकमेकांच्या तोंडात बत्त्या घालत होते. आजोळी वाढलेले दडून बसले. सापडले त्यांतले बरेच गेले. रेवणसिद्धचा सख्खा भाऊ लाल निघाला आणि रेवणसिद्धनेच त्याला विहिरीत ढकलला. पलटण आली तेव्हा पंप चालूच होता आणि पाणी कुणी वळवलं नव्हतं म्हणून आवार गुडघाभर भरलं होतं.

*

आमच्यात माणसाला पुरतात. म्हणजे गिरिजाच्या घरात. आता मीही आमच्यात म्हणायला शिकलो आहे. कागनूरने महांतेशला माती दिली नाही. लाल माणूस इथल्या जमिनीत नको, असं पलटणीच्या पहाऱ्यातही लोकांनी सांगितलं. अव्वा दोन दिवस रडल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या माहेरी चला.”

टेम्पोत त्याला बर्फावर ठेवला. अव्वा उशाशी, गिरिजा पायाशी, मी हात गळ्यात बांधून ड्रायव्हरजवळ. कृष्णेच्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला बांबू आडवे टाकले होते आणि हिरेकुंटीची माणसं उन्हात बसली होती. त्यांच्याही हातात बत्त्या होत्या. तीच कंपनी, तेच यंत्र, फक्त त्यांच्या खडकाला जुळवून घेतलेलं. त्यांच्यात बायकांना सूट नव्हती, मेलेल्यालाही नव्हती.

एका म्हाताऱ्याने कापड बाजूला केलं. महांतेशच्या तोंडात जेवढं शिल्लक होतं त्यातल्या एका दाताला बत्ती टेकवली.

हिरवा.

“नम्म हुडुगा,” म्हातारा म्हणाला. आमचा पोरगा. त्याने महांतेशच्या कपाळावर हात ठेवला आणि तो खरोखर रडला. बाकीचे उठून उभे राहिले, टोप्या काढल्या.

अव्वांना लावली. हिरवा. मग माझ्याकडे आले. माझा पुढचा एकच दात राहिला होता, तेवढा पुरला. हिरवा. मी त्या गावाचं नाव लग्नाआधी ऐकलं नव्हतं. पण खडक तसाच जुना, पाणी तसलंच. “या, या,” ते मला म्हणाले, आणि एकाने माझ्या मोडक्या हाताखाली आधाराला हात घातला.

गिरिजाला लावली. लाल.

ती कन्नडमध्ये बोलू लागली. माझी आई इथली, हा माझा भाऊ, या गावात मी दर सुट्टीला येत होते. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “खरं असेल, बाई. पण लाल आहे. पुलाच्या पलीकडे थांबा.”

मी ओरडायला लागलो. बांधलेल्या जबड्यातून काय निघालं मला माहीत नाही. गिरिजाने माझा धड हात धरला. “भांडू नकोस, मनोहर. मी भांडले, काय झालं बघितलंस ना? तू जा. त्याच्याजवळ घरचं कुणीतरी पाहिजे.”

अव्वा टेम्पोतून खाली उतरल्या आणि लेकीसमोर उभ्या राहिल्या. “एक इचारू? त्याला मारत्याल, हे तुला ठावं हुतं का गं?”

गिरिजाने आईच्या तोंडाकडे बघितलं. “मला मनोहरला सोडवायचं होतं, अव्वा. त्याच्यापुढचं मी बघितलंच नाही.”

अव्वांनी तिच्या फाटलेल्या कपाळावरची पट्टी नीट केली. मग टेम्पोत चढल्या. बांबू बाजूला झाले.

हिरेकुंटीच्या माळावर खड्डा तयार होता. महांतेशला त्यात बसवला, भस्म लावलं, बेलाची पानं ठेवली. माती लोटायच्या आधी विधी करणाऱ्या स्वामींनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही यांचे कोण?”

“दाजी.”

“मग यांची बहीण कुठे आहे? बहिणीच्या हातची मूठ आधी पडू दे.”

मी पुलाच्या दिशेने हात केला. स्वामींनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. मग स्वामींनी ती मूठभर माती माझ्या हातात दिली, आणि तिच्या नावाने मी ती टाकली. त्यानंतर त्यांनी माझी म्हणून दुसरी मूठ दिली. पंपहाऊसच्या चिखलात पडून त्याला मरताना बघत होतो तेव्हा मला एकच गोष्ट वाटली होती, वाचलो. ती मूठ मला टाकता आली नाही.